उंच काच बसवूनही हेल्मेट का थरथरते? टूरिंग मोटारसायकलसाठी विंडशील्डची निवड

आपली गाडी रॉयल एनफिल्ड मेटिऑर 350 आहे, उंची पाच फूट दहा इंच आहे आणि पुण्याहून बेळगावमार्गे गोव्याला जाणे नेहमीचे आहे. मूळच्या छोट्या काचेच्या जागी आपण सुमारे पाच इंच उंच विंडशील्ड बसवले. छातीवरचा वारा त्याने थांबला, परंतु ताशी 75 ते 80 किलोमीटरच्या पुढे हेल्मेट इतके थरथरू लागले की समोरचे फलक वाचणेही कठीण होते. आता याहूनही उंच काच घ्यावी का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, निदान आत्ता घेऊ नये. आपली सध्याची काच बहुधा नेमक्या चुकीच्या उंचीवर संपते आहे, आणि हा दोष ती वर नेऊन जितका दूर होऊ शकतो तितकाच ती खाली आणूनही होऊ शकतो. कोणती दिशा योग्य हे ठरवण्यासाठी नवी काच विकत घेण्याची गरज नाही.

वाऱ्याचा जोर आणि वाऱ्याचे धक्के या दोन निराळ्या तक्रारी आहेत, आणि दुकानात त्या सर्रास एकच समजल्या जातात. काच नसलेल्या गाडीवर छातीवर आणि हेल्मेटवर येणारा दाब बऱ्यापैकी सलग असतो. त्याने खांदे आणि मान थकते, मनगटांवर ताण येतो, पण डोके हलत नाही. धक्के निर्माण होतात ते काचेच्या कडेपाशी. काचेच्या बाहेरून वेगाने वाहणारी हवा आणि काचेमागची जवळजवळ स्थिर हवा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे, पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे सुटतात तसे, भोवरे एकामागून एक सुटत राहतात. या खळबळत्या हवेचा पट्टा काचेच्या कडेपाशी अरुंद असतो आणि मागे सरकत जाईल तसा रुंद होतो. हा पट्टा हेल्मेटवरून गेला तर बरे, छातीवर आला तरी चालते, परंतु तो हनुवटीपासून कपाळापर्यंतच्या भागावर आदळू लागला की हेल्मेट सेकंदाला ढोबळमानाने दहा-पंधरा वेळा हलते. नजर धूसर होण्याचे आणि तासाभरात डोके जड होण्याचे कारण हेच आहे. जुन्या छोट्या काचेवर हा पट्टा आपल्या छातीवर येत होता, म्हणून दाब जाणवत असला तरी हेल्मेट शांत होते. पाच इंचांनी तो वर सरकला आणि हेल्मेटच्या खालच्या अर्ध्या भागावर येऊन थांबला, असा माझा अंदाज आहे.

वेगाबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारसायकलची वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे, आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे एवढा वेगच नसतो, मग काचेचा एवढा विचार कशाला’ असे म्हटले जाते. मात्र हेल्मेटला स्पीडोमीटरवरचा आकडा कळत नाही, त्याला कळतो तो हवेच्या तुलनेतला वेग. साताऱ्याच्या परिसरातल्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. पावसाळ्यात या पट्ट्यात दक्षिणेकडे जाताना वारा बहुतेक वेळा उजव्या हाताने, पुढून तिरपा येतो. समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर 80 च्या वेगाने जाणाऱ्या माणसाला 110 चा वारा लागतो, आणि हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणूनच कात्रजपर्यंत निमूट असलेली काच खंबाटकी ओलांडल्यावर त्रास देऊ लागते. काचेची परीक्षा घ्यायची ती अशा वाऱ्यात नव्हे, तर पहाटेच्या शांत हवेत, सपाट रस्त्यावर, समोर ट्रक नसताना, आणि त्याच रस्त्यावर दोन्ही दिशांनी घ्यावी. ट्रकच्या मागची हवा मुळातच फाटलेली असते. तिच्यात कोणतीही काच उपयोगी पडत नाही, तिथे अंतर वाढवणे किंवा ओलांडून पुढे जाणे एवढाच इलाज आहे.

पहिली परीक्षा काच पूर्णपणे काढून घ्यावी. चार बोल्टचे काम आहे. त्याच वेगाने, त्याच रस्त्यावर गाडी चालवल्यावर दाब वाढला पण थरथर थांबली, तर दोष काचेच्या कडेचा आहे हे निश्चित झाले. काच नसतानाही हेल्मेट तितकेच हलत असेल, तर काचेवर पैसे घालवण्यापूर्वी हेल्मेटकडे पाहावे लागेल. त्याबद्दल पुढे लिहितो. ही परीक्षा टाळून थेट खरेदी करणारे लोक मी सर्वाधिक पाहिले आहेत, आणि एकाच गाडीसाठी तीन-तीन काचा घरात जमा झालेले लोकही त्यांच्यातच असतात.

दुसरी परीक्षा डोक्याची उंची बदलून घ्यावी. पाय खाली असलेल्या गाड्यांवर फूटरेस्टवर उभे राहून स्वच्छ हवा कुठे सुरू होते ते कळते, परंतु मेटिऑरवर पाय पुढे असल्यामुळे असे उभे राहणे अवघड आणि असुरक्षित आहे. त्याऐवजी शांत रस्त्यावर, नजर समोर ठेवून, पाठ किंचित सैल सोडून डोके दोन-तीन बोटे खाली आणावे आणि मग पाठ ताणून तेवढेच वर न्यावे. खाली आल्यावर शांतता लाभत असेल तर खळबळीचा पट्टा आपल्या डोक्यावरून जाऊ शकतो, म्हणजे काच थोडी वर जायला हवी. वर गेल्यावर शांतता लाभत असेल तर काच खाली यायला हवी. दोन्हीकडे फरक पडत नसेल तर पट्टा रुंद आहे, आणि तो अरुंद करण्याचे उपाय उंचीत नसून काचेखालच्या फटीत आणि काचेच्या कोनात आहेत. ज्यांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही त्यांनी काचेच्या वरच्या कडेला बोटभर लांबीचे लोकरीचे धागे मास्किंग टेपने चिकटवावेत आणि मागे बसलेल्या सोबत्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. सलग मागे वाहणारा धागा स्वच्छ हवा दाखवतो, गोल फिरणारा किंवा उलटा पुढे वळणारा धागा भोवरा दाखवतो.

उंचीबाबत शरीराची एकूण उंची हे माप फसवे आहे. पाच फूट दहा इंचांच्या दोन माणसांमध्ये एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचे धड लांब असू शकते, आणि सीटवर बसल्यावर त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत सहज पाच-सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून हेल्मेट घालून, नेहमीचे जॅकेट घालून, गाडी सरळ उभी धरून, कोणाला तरी बाजूने छायाचित्र काढायला सांगावे आणि काचेची कड चेहऱ्याच्या कोणत्या भागासमोर येते ते पाहावे. कडेवरून निघालेली हवा सरळ मागे न जाता काही अंतर वर चढते, त्यामुळे कड नाकाच्या टोकाच्या पातळीवर असली तरी बहुतेक गाड्यांवर प्रवाह हेल्मेटच्या वरून जातो. त्याहून उंच जाण्याचा मोह आवरावा. नजर काचेच्या वरूनच गेली पाहिजे, काचेतून नव्हे. आंबोलीच्या धुक्यात आणि पावसात, समोरून अपर बीम लावून येणाऱ्या गाडीचा प्रकाश थेंबांनी भरलेल्या काचेवर पसरला की रस्ता दिसेनासा होतो, आणि मोटारसायकलच्या काचेला वायपर नसतो. हेल्मेटची काच हाताने पुसता येते, ही मात्र येत नाही.

दुसरा मार्ग उलट दिशेचा, म्हणजे काच छातीच्या वरच्या भागापर्यंत येईल एवढीच ठेवण्याचा. यात हेल्मेट मोकळ्या, सलग हवेत राहते आणि छातीवरचा दाब बराच कमी झालेला असतो. गोंगाट थोडा वाढतो, पण तो एकसारखा असतो आणि त्याची सवय होते. महाराष्ट्राच्या हवामानात आणि 80 ते 90 च्या वेगाच्या गाड्यांवर मला हाच मार्ग अधिक पसंत आहे. विदर्भात किंवा सोलापूरच्या बाजूला मे महिन्यात उंच काचेमागे बसणे म्हणजे जॅकेटच्या जाळीला हवाच मिळू न देणे. उलट लडाखला जाताना, किंवा डिसेंबरमध्ये पहाटे निघताना, उंच काचेसारखे सुख नाही. ज्यांचे प्रवास दोन्ही प्रकारचे आहेत त्यांनी मूळची छोटी काच विकू नये. ऋतूप्रमाणे बदलायला पंधरा मिनिटे लागतात.

आता फटीविषयी, कारण आपल्या गाडीवर मला खरी आशा तिथे वाटते. काचेमागे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. या पोकळीत भर घालण्यासाठी वरच्या कडेवरून जाणारी हवा खाली ओढली जाते, आणि तीच आपल्या चेहऱ्यावर कोसळते. अनेकांना पाठीमागून कोणीतरी पुढे ढकलत आहे असे जे वाटते, त्याचेही कारण हेच आहे. काचेच्या खालून थोडी हवा मुद्दाम आत सोडली की पोकळीतला दाब वाढतो, वरचा प्रवाह कमी ओढला जातो आणि खळबळीचा पट्टा वर सरकून अरुंदही होतो. म्हणूनच मोठ्या टूरिंग गाड्यांच्या काचांना खाली झडपा किंवा खाचा दिलेल्या असतात, आणि अमेरिकेतल्या मॅडस्टॅडसारख्या कंपन्यांच्या ब्रॅकेटमध्ये काच पुढे सरकवून खाली मोकळी जागा ठेवण्याची सोय असते. आपल्या गाडीवर हा प्रयोग फार स्वस्तात होतो. हेडलाइट आणि काचेची खालची कड यांच्यामध्ये दोन ते चार सेंटिमीटर मोकळी जागा राहील अशा रीतीने नायलॉनचे स्पेसर आणि तेवढे लांब बोल्ट वापरून काच पुढे घ्यावी किंवा वर उचलावी. अनेक जण नेमकी ही फट रबराच्या पट्टीने बुजवून टाकतात, कारण तिथून पोटावर हवा लागते. पोटावर थोडी हवा लागणे हीच हेल्मेट शांत राहण्याची किंमत आहे, आणि ती मला योग्य वाटते.

कोनाचा परिणामही लोक कमी लेखतात. काचेची कड चेहऱ्यापासून साधारण 45 सेंटिमीटर दूर असेल तर काच फक्त पाच अंशांनी उभी केल्यावर तिच्या रेषेचा चेहऱ्यापाशी सुमारे चार सेंटिमीटर फरक पडतो, म्हणजे दीड इंच उंच काच घेण्याचे काम एका वॉशरने होते. मात्र काच जितकी उभी तितका अडथळा अधिक आणि कडेवरची खळबळही अधिक, त्यामुळे फार उभी काच उंच असूनही गोंगाट करते. क्रूझर प्रकारात, म्हणजे आपल्या मेटिऑरसारख्या पाय पुढे ठेवून बसायच्या गाडीवर, माणूस काचेपासून बराच मागे असतो, आणि तोपर्यंत भोवऱ्यांचा पट्टा रुंद झालेला असतो. हीच काच एखाद्या अ‍ॅडव्हेंचर गाडीवर, जिथे चालक पुढे आणि सरळ बसतो, कदाचित उत्तम ठरेल. मित्राच्या हिमालयनवर, म्हणजे अशाच एका अ‍ॅडव्हेंचर गाडीवर, चांगली चालणारी काच आपल्याकडे का चालत नाही याचे अर्धे उत्तर यात आहे.

उरलेले अर्धे उत्तर काच कशावर बसवली आहे यात आहे. हिमालयन 411 ची काच गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते आणि हँडलबरोबर वळत नाही. मेटिऑरची काच फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) बाजूला, हँडलबरोबर वळणारी आहे. तिच्यावर बाजूने वारा लागला की तो थेट हँडल फिरवू पाहतो. काच जितकी मोठी आणि उंच, तितका हा ओढा अधिक. पुलांवर आणि भरावाच्या उघड्या रस्त्यावर, ट्रक ओलांडून त्याच्या आडोशातून बाहेर पडताना, हा ओढा अचानक येतो. आपल्याला आणखी उंच काच घेऊ नका असे सांगण्यामागे हेल्मेटच्या थरथरीपेक्षाही हे कारण माझ्या दृष्टीने मोठे आहे. थरथर त्रासदायक असते, हँडलचा ओढा धोक्याचा असतो.

काचेच्या वर चिकटवायचे किंवा क्लॅम्पने बसवायचे छोटे स्पॉइलर, म्हणजे काचेच्या जोडपट्ट्या, मिळतात. जर्मनीच्या एमआरए, इटलीच्या जिवी आणि स्पेनच्या पुइग या कंपन्यांची अशी उत्पादने प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या स्वस्त नकलाही बाजारात भरपूर आहेत. चांगल्या स्पॉइलरचा फायदा असा की त्याची उंची आणि कोन बदलता येतो आणि काच व स्पॉइलर यांच्यामधल्या फटीतून हवा जात असल्यामुळे कडेवरची खळबळ कमी होते. अडचण अशी की आपल्या रस्त्यांवरच्या गतिरोधकांनी आणि खड्ड्यांनी क्लॅम्प हळूहळू सैल होतो, आणि काच पातळ असेल तर कड फडफडू लागते. काचेची जाडी चार मिलिमीटरच्या आसपास असेल तरच मी स्पॉइलर सुचवतो.

काच कोणत्या प्लास्टिकची आहे हे विक्रेत्याला विचारावे. पॉलिकार्बोनेट दगड लागला तरी सहसा फुटत नाही, पण त्यावर कठीण लेप नसेल तर चटकन ओरखडे पडतात. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात, पण ते ठिसूळ असते आणि बोल्टपाशी तडकते. पॉलिकार्बोनेटला पेट्रोल, चेन ल्यूब आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव चालत नाहीत, आणि बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते थ्रेडलॉकरही त्याला लागले तर छिद्राभोवती केसासारख्या भेगा पडतात. तिथे नायलॉनची आतली पट्टी असलेले नट वापरावेत. धुताना आधी भरपूर पाणी सोडून धूळ काढावी, मग साध्या साबणाच्या पाण्याने मऊ कापड फिरवावे. कोरड्या कापडाने पुसलेली काच दोन पावसाळ्यांत रात्रीच्या प्रवासाला निकामी होते. रंगीत काच दिसायला चांगली, परंतु नजर वरून जाणार नसेल तर ती घेऊच नये.

हेल्मेटचा वाटा अनेकदा काचेइतकाच असतो. गालाच्या गाद्या दबून सैल झालेले हेल्मेट थोड्याशा खळबळीनेही हलते. डोके स्थिर धरून हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवल्यावर गालाची त्वचा त्याबरोबर ओढली जात नसेल तर ते सैल आहे. पुढे चोच असलेले ऑफरोड पद्धतीचे हेल्मेट महामार्गावर वारा पकडते, आणि चोच काढता येत असेल तर काढून एकदा चालवून पाहावे. कानांचा प्रश्न स्वतंत्र आहे. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो, आणि कामाच्या जागेसाठीच्या अमेरिकन निकषांत 85 डेसिबलला आठ तास, तर 94 डेसिबलला एकच तास सुरक्षित मानला जातो. काच कितीही चांगली निवडली तरी फोमचे इअरप्लग मी प्रत्येक लांबच्या प्रवासासाठी सुचवतो. हॉर्न आणि इंजिन त्यांतून ऐकू येतात, आणि जिला लोक वाऱ्याचा त्रास समजतात ती निम्मी दमणूक आवाजाची होती हे पहिल्याच दिवशी कळते.

मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही विचारावे. चालकाच्या डोक्यावरून गेलेला पट्टा मागे आणखी रुंद होतो आणि तिच्या चेहऱ्यावर येतो. आपण दोघे मिळून प्रवास करत असाल तर उंच काच तिच्यासाठी त्रासाची ठरू शकते, आणि ती तक्रार सहसा चालकापर्यंत घरी पोहोचल्यावरच येते.

आपल्यासाठी मी सुचवीन तो क्रम असा. आधी काच काढून एक फेरी मारावी. मग सध्याचीच काच स्पेसरने पुढे घेऊन खाली फट ठेवावी आणि कोन थोडा मागे झुकवून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. त्यानेही हेल्मेट शांत झाले नाही आणि काच पॉलिकार्बोनेटची असेल तर ती कापून घ्यावी. मास्किंग टेप लावून, बारीक दात्यांच्या जिगसॉने, एका वेळी दोन ते अडीच सेंटिमीटर कापावे आणि प्रत्येक वेळी चालवून पाहावे. साइनबोर्ड बनवणारे कारागीर हे काम सफाईने करतात आणि कड गोल घासूनही देतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या कापणीनंतर हेल्मेट मोकळ्या हवेत येईल अशी मला बरीच खात्री आहे. काच अ‍ॅक्रिलिकची निघाली तर कापण्याच्या भानगडीत न पडता मूळची छोटी काच परत बसवावी आणि तिलाच फट देऊन पाहावे.

प्रत्येक बदलानंतर बोल्ट हातानेच, रबरी ग्रोमेट किंचित दबेल एवढेच आवळावेत आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काच टाकीला, क्लचच्या केबलला किंवा आरशाच्या दांड्याला लागत नाही ना ते तपासावे. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासावे लागतात, कारण नवे रबर तोवर बसलेले असते आणि बोल्ट थोडे सैल झालेले असतात.